एक जून

दादा गेल्यावर वहिनींनी मला नांदेडहून लातूरला बोलावून घेतलं, ते त्याच्या लॅपटॉपसाठी. दादा क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायचा आणि घरी बसून स्वतःच्या आवाजात धडे भरून ठेवायचा. एकाच्या नोट्स दुसऱ्या क्लासमध्ये सर्रास जायच्या, म्हणून त्यानं सगळी डिस्क कुलूपबंद केली होती. किल्ली डिस्कमध्ये नव्हती, एका कार्डाच्या चिपमध्ये होती. पिन तीनदा चुकला की चिप कायमची बंद. दुसरं कार्ड त्यानं केलंच नव्हतं.

वहिनींना धडे नको होते. आवाज हवा होता.

"पिन म्हणजे त्यांचा जन्मदिवस, असं म्हणले होते," त्या म्हणाल्या.

मी दादाच्या दाखल्यावरचा एक जून टाकला. आमच्या शाळेत मास्तरांनी निम्म्या वर्गाला एक जूनलाच जन्माला घातलं होतं. दादा हसायचा, "आमच्या स्टाफरूमला केक एकच पुरतो." तो पिन चुकला.

"पत्रिकेतली तारीख बघा की, भावजी."

ती तारीख गुरुजींनी गुण जुळावेत म्हणून बसवली होती, हे दोन्ही घरांना माहीत होतं. तरी टाकली. तीही चुकली.

खरी तारीख फक्त आईला ठाऊक होती, आणि आई किल्लारीत भूकंपात गेली. त्याच ढिगाऱ्यातून दादाला जिवंत काढलं होतं. मी तेव्हा नांदेडला वसतिगृहात होतो.

"राहू द्या आता," मी म्हणालो.

"राहू देऊन काय करू? ते म्हणायचे, मी भूकंपाच्या दिवशी जन्मलो. टाका."

मला ते पटलं. आजही पटतं. मी आकडे टाकले, वहिनींनी बटण दाबलं. कार्ड बंद झाल्याचा इंग्रजी संदेश आला. त्यांनी तो मला दोनदा वाचायला लावला.

मग कार्ड ओढून काढलं आणि पदरानं पुसलं.

"लई जपून राहायचे," त्या म्हणाल्या. "मेल्यावरबी कुणाला हात लावू दिला न्हाई."

समोरच्या इमारतीत क्लास सुरू झाला होता. माईकवर कुणीतरी पेशीविभाजन शिकवत होतं, आवाज खणखणीत होता. वहिनी उठल्या आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.