हुंडीवरचं कुंकू

आधी चूक सांगून टाकतो, म्हणजे पुढे स्वतःची वकिली करायला मला जागा उरणार नाही. लंडनला जाणाऱ्या एका हुंडीवर मी हळदकुंकू लावलं. त्यामुळे एका विणकर सोसायटीचे पैसे अडकले आणि त्याचा दोष मी सोसायटीच्या चिटणिसांच्या बायकोवर जाऊ दिला. नुसता जाऊ दिला असंही नाही. इंग्रजीत नीट टाइप करून दिला.

सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी नागपुरात, इतवारीतल्या एका बँकेच्या शाखेत होतो. बँकेनं मला मुंबईला पाठवून परदेशी व्यवहारांचं प्रशिक्षण दिलं होतं. परत आल्यावर वेगळं टेबल मिळालं, त्यावर काच मिळाली, वर पाटी लागली. काचेखाली मी जगाचा नकाशा ठेवला. बाहेर तांदळाच्या पोत्यांनी लादलेल्या हातगाड्या, भांड्यांच्या दुकानांतला खणखणाट, आणि आत मी, गळ्यात टाय. नागपूरच्या मे महिन्यातही टाय. सहकारी मला 'फॉरेन' म्हणत. काम मात्र काडीचं नव्हतं. व्यापारी माझ्या टेबलाशी येत ते नकाशात दुबई कुठे आहे ते बघायला, नाहीतर पंख्याखाली उभं राहायला. माझं टेबल म्हणजे शाखेची शोभा होती. मी ती मनापासून सांभाळत होतो.

अशात एक दिवस चिटणीस आले. इतवारीपलीकडच्या विणकर वस्तीत त्यांचं घर होतं आणि घरातच माग. लंडनच्या एका दुकानदारानं त्यांच्या सोसायटीला टेबलावर अंथरायच्या सुती कापडाची मोठी ऑर्डर दिली होती. पिढ्यानपिढ्या लुगडी विणणारे हात आता टेबलांची कापडं विणत होते.

"साहेब, तिकडं म्हणे टेबलाले लुगडं नेसवतात," चिटणीस म्हणाले. "मंग बायका काय नेसत असतीन?"

व्यवहार असा होता. दुकानदाराच्या बँकेनं हमी दिली होती की ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत, ठरल्यासारखे हातात पडले की ती पौंड देईल. कापड घट्ट आहे की विरविरीत, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. बँकेचा संबंध कागदाशी असतो, मालाशी नाही, हे प्रशिक्षणात आमच्याकडून घोकून घेतलं होतं. माल मुंबईला बोटीत चढला. बोटीची पावती, बिल, विमा आणि रकमेची हुंडी असा संच माझ्या टेबलावर आला. हुंडी सह्यांसाठी एक रात्र चिटणिसांच्या घरी होती. आमच्या मॅनेजरसाहेबांनी ठरवलं होतं की आधी लंडनचे पैसे येऊ देत, मग आपण सोसायटीला देऊ. दिवाळी तोंडावर होती. विणकरांची मजुरी त्या पैशांतूनच निघणार होती आणि चिटणिसांनी घरोघरी तसा शब्द दिला होता.

नेमकी तेव्हाच खंडेनवमी आली. शाखेत सगळ्यांनी आपापल्या हत्यारांची पूजा मांडली. टाइपरायटरला झेंडूचा हार, तिजोरीला हार, रबरी शिक्क्यांना फुलं, शिपायाच्या सायकलीलाही गंध. माझ्या टेबलावर पुजण्यासारखं कधी काही नव्हतं. यंदा होतं. मी हुंडी मध्ये ठेवली. कोरडं कुंकू कागदावर ठरत नाही, म्हणून बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि रकमेच्या आकड्याशेजारी टेकवलं; लक्ष्मी तिथेच आहे असं मला वाटलं. वर चिमूटभर हळद, दोन अक्षता. हात जोडले, अक्षता झटकल्या आणि लिफाफा बंद केला.

आमच्या मुंबईच्या शाखेनं संच जसाच्या तसा पुढे पाठवला. तिथे कुणी हटकलं नाही. तिथेही पूजा झाली असणार.

लंडनच्या बँकेत मात्र खंडेनवमी नव्हती. दिवाळीच्या आठवड्यात तार आली: हुंडीवर रकमेशेजारी तांबडी खूण आहे, तिच्यापुढे कुणाची सही नाही, रक्कम बदलली आहे का याचा खुलासा करा, तोवर पैसे देता येत नाहीत. बँकेच्या भाषेत तांबडी खूण म्हणजे दुरुस्ती आणि दुरुस्तीपुढे सही हवी. म्हणजे नियमानं पाहता मी कुंकवापुढे सही करायला हवी होती.

मॅनेजरसाहेबांनी मला आत बोलावलं. चिटणीस पैशांची चौकशी करायला आलेच होते, ते समोर बसले होते. साहेबांनी तार पुन्हा वाचली. त्यांची अडचण वेगळीच होती. सरकारी बँकेत पूजा झाली हे कागदावर येता कामा नये, आणि कुंकू या वस्तूचा खुलासा तारेत करायचा तर एकेका शब्दाला पैसे पडतात.

"हे लाल आलं कुठून?" त्यांनी विचारलं. विचारताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. आज वाटतं, मुद्दामच पाहिलं नाही.

मी बोलायच्या आत चिटणीस बोलले. "साहेब, आमच्याच घरचं असन ते. गठ्ठे गाडीवर चढवताना आमच्या घरच्या बाईनं हळदकुंकू वाहिलं होतं. मंग कागद बी रातभर घरीच होते, तिच्या करंड्यापाशी. तिचाच हात लागला असन."

मी तोंड उघडलं. खरं सांगण्यासाठीच उघडलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. पण बाहेर पडलं ते हे: "तसं लेखी द्यावं लागेल."

मग ते लेखी मीच तयार केलं. निर्यातदाराच्या कुटुंबातील स्त्रीच्या अनवधानानं कागदपत्रांवर डाग पडले, त्याबद्दल निर्यातदार दिलगीर आहे. इंग्रजी चांगलं झालं होतं. साहेबांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलला नाही. चिटणिसांनी सही करण्याआधी विचारलं, यात काय लिहिलंय. मी म्हटलं, "काही नाही, खुलासा आहे."

खुलाशासोबत नवी हुंडी जाईपर्यंत हमीची मुदत संपली. आता दुकानदार मोकळा झाला. त्यानं अतिशय सभ्य पत्र लिहून किंमत कमी करून मागितली. चिटणीस कबूलही झाले, पण तेवढ्यानं भागणार नव्हतं. परदेशातून कमी पैसे घ्यायचे तर त्यालाही सरकारी परवानगी लागे. आपण खरोखरच नुकसान सोसतो आहोत, कुणाशी संगनमत करून नाही, याचे पुरावे प्रतींसह जोडावे लागत. ते सगळे अर्ज मी फार काळजीपूर्वक भरले. चूक लपवणाऱ्या माणसाइतकं काळजीपूर्वक काम कुणी करत नाही.

दिवाळी गेली. वस्तीत त्या वर्षी फराळापेक्षा शिव्या जास्त झाल्या. कापलेले पौंड आले तेव्हा संक्रांतीचे तीळगूळही वाटून झाले होते. चिटणिसांचं पद गेलं. त्यांच्या बायकोला तर नवीन नाव पडलं, पौंडवाली. सार्वजनिक नळावर ती गेली की बायका म्हणत, "सरका वं, पौंडवालीचा हात लागला तं पाणी बी लंडनात अडकन." हे मला चिटणिसांनीच चहाच्या टपरीवर हसत हसत सांगितलं. मीही हसलो. चहाचे पैसे मी दिले, आणि त्या रात्री बरी झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

मला बढती मिळाली. शाखेचा पहिला परदेशी व्यवहार बिकट परिस्थितीत तडीस नेल्याबद्दल माझ्या फायलीत चांगला शेरा आला. पुढे बँकेच्या प्रशिक्षण केंद्रात मी नव्या अधिकाऱ्यांना शिकवायला जाऊ लागलो. विषय होता कागदपत्रांची शुद्धता. त्यात मी दर वेळी हळदीच्या हातांची गोष्ट सांगायचो. अडाणी निर्यातदार, त्याची भोळी बायको, गोंधळलेलं लंडन. हशा कुठे येतो ते मला पाठ झालं होतं. तिथे मी पाण्याचा घोट घेऊन थांबायचो. वर्षानुवर्षं मी त्या बाईला वर्गात उभी करून तिच्यावर लोकांना हसवत होतो, आणि त्याबद्दल मला भत्ता मिळत होता.

ऐंशीनंतर माझी बदली पुन्हा नागपुरात झाली, रामदासपेठेतल्या कार्यालयात. एक दिवस चिटणीस शोधत आले; पद गेलं तरी माझ्या तोंडी तेच नाव होतं. केस पिकले होते. सोसायटीला पुन्हा परदेशी ऑर्डर मिळाली होती आणि खंडेनवमीला मी त्यांच्या घरी चहाला यावं असा त्यांचा आग्रह होता. तुमचा पायगुण चांगला, असं ते म्हणाले.

गेलो. पुढच्या खोलीत माग होता. स्वच्छ पुसलेला, त्यावर झेंडूचं एकच फूल. बाकी काही नाही. आजूबाजूच्या घरांतले माग हळदकुंकवानं माखलेले मी येताना पाहिले होते.

"आमच्या घरी तवापासून मागाले हळदकुंकू बंद," चिटणीस अभिमानानं म्हणाले. "रिस्कच नाही ठेवली."

वहिनी चहा घेऊन आल्या. हातांना साबणाचा वास होता. माल जायचा असला की त्यांनी साबणानं हात धुतल्याशिवाय पुढच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, हा नियमही तेव्हापासूनचाच, असं चिटणिसांनी सांगितलं. वहिनी कप ठेवून परत गेल्या नाहीत. दाराच्या चौकटीशी थांबल्या.

"भाऊजी, तुमी लंडनचं जाणता," त्या म्हणाल्या. "मागाले तरी लावू द्या ना मले. कागदाले नाही लावत. माग काही लंडनले जात नाही."

चिटणीस हसले. माझ्या तोंडात 'लावा की, हरकत नाही' हे शब्द तयार होते. परवानगी देणं मला सोपं होतं, जन्मभर तेच करत आलो होतो. तेवढं म्हटलं असतं तर त्यांना कुंकू लावता आलं असतं, चिटणीस खूश झाले असते आणि माझा मोठेपणा आणखी वाढला असता. मी कप खाली ठेवला आणि खंडेनवमीच्या दिवशी माझ्या टेबलावर काय झालं ते सांगितलं. ओल्या बोटापासून इंग्रजी पत्रापर्यंत. वर्गातल्या हशाचंही सांगितलं.

चिटणीस माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "काहून नाही बोलले तवा?"

"नोकरीला भ्यालो," मी म्हटलं. "आणि नंतर सवय झाली."

वहिनी आत गेल्या आणि हळदकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. पण मागापाशी न जाता तशाच उभ्या राहिल्या, माझ्याकडे बघत. मी उठलो.

"वहिनी, लंडनच्या कागदावर माझं बोट होतं. तुमचा हात नव्हताच. मी चुकलो, आणि इतकी वर्षं ते तुम्हाला भोगायला लावलं. मला माफ करा. नळावर चला, बायकांसमोरही हेच सांगतो."