पत्त्यातला एक्कावन्न

"बाबा, आईचं रेकॉर्डिंग उघडूनच नाई राह्यलं." पुण्याहून मेघाचा, माझ्या लेकीचा फोन. सकाळचे दहा वाजले होते.

"काऊन?"

"मले काय माहीत? बारा वाजता पान वाढायचं हाये. पाटोडीचं बेसन किती घट्ट ठेवायचं, ते आईच्याच तोंडून ऐकायचं होतं."

आज हिचं, मेघाच्या आईचं, पहिलं वर्षश्राद्ध. लेकीला रजा नव्हती. ती तिकडे पान वाढणार, मी इकडे आरमोरीत. कोळसा खाणीच्या ऑफिसात आयुष्यभर कॉम्प्युटर सांभाळले. आता घरात एक जुना सर्व्हर आहे आणि पुण्याहून त्याला जोडलेली मेघा हा एकच क्लायंट.

सर्व्हरच्या आत एक व्हर्च्युअल मशीन होतं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर. हिचा आवाज त्यात. बिघडलं तर, या धास्तीने आदल्या दिवशी मी त्याची नक्कल करून तीही सुरू ठेवली. जुन्या सवयीने फाइल उचलून कॉपी. तिच्यासोबत मॅक अ‍ॅड्रेसही कॉपी झाला. हा नेटवर्क कार्डाचा पत्ता. दोघांचा सारखा असला की डाक कुणाकडे टाकायची ते नेटवर्कच्या स्विचला कळत नाही. नोकरीत कुणी हे केलं असतं तर मी त्याला चांगलं झापलं असतं.

दोन्ही मशीन बंद केली. दोघांनाही हाताने नवे, वेगवेगळे पत्ते दिले, फक्त सुरुवात दोन्हीकडे ५१ ने. ही आहेराच्या पाकिटावर नेहमी एकाचं नाणं लावायची. "वरचा एक लावला का नातं सुरू राह्यते," म्हणायची. तिचा दिवस, म्हणून शगुनाचा आकडा घेतला.

एकही मशीन सुरू होईना. जुना पत्ता लिहून ठेवला नव्हता. साडेअकरा झाले. विचारायला कोणी नाही, सगळी गल्ली धानाच्या रोवणीला गेलेली. खूप एकटं वाटलं. पडद्यावर एकच ओळ: पत्ता मल्टिकास्ट आहे.

मग ट्यूब पेटली. पत्त्यातल्या अंकांच्या पहिल्या जोडीतला दुसरा अंक विषम असला तर तो पत्ता मल्टिकास्ट, म्हणजे समूहाचा ठरतो. एकट्या मशीनला सम अंक लागतो. दोन्हीकडे ५१ चं ५२ केलं. मशीन सुरू झाली.

"उघडलं बाबा! ठेवते, कढईत तेल हाये." फोन बंद.

मग मीही रेकॉर्डिंग लावलं. बेसन, ओवा, तिखट, सगळं सांगून झाल्यावर ही म्हणते, "बंद करा जी आता ते." तिथे फाइल संपते.

"करतो," मी म्हणालो.

एकट्याच्या पत्त्यात वरचा एक चालत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत हे मला माहीत असायला हवं होतं.