सोलापूरचा सहावा कप

जुनी इंग्रजी चिनीमाती जमवणाऱ्यांना एक वाईट खोड असते. कुणाकडे चहा आला की आधी बशी उचलून तळाचा शिक्का बघायचा. मला ती आजही आहे. या ब्लॉगवर मी एरवी नुकत्याच केलेल्या भटकंतीबद्दल लिहितो, पण आजची सहल सत्तरच्या दशकातली आहे, पुण्याहून सोलापूरची, आणि तिथून मी रिकाम्या हातांनी आलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सोलापूरच्या एका गिरणीत हेडक्लार्क होते. तिथला इंग्रज इंजिनिअर मायदेशी गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान विकायला निघालं, त्यात अण्णांनी सहा कपबश्या घेतल्या. निळी बारीक फुलं, काठाला सोनेरी रेघ, आणि उजेडात धरलं की पलीकडची बोटं दिसावीत इतकी पातळ घडण. अण्णांमागून आईही गेली आणि भाड्याचं घर सोडायची वेळ आली, तेव्हा बैठकीच्या खोलीतल्या काचेच्या कपाटातून मी पाचच कप पुण्याला आणले. सहावा अण्णांचे मित्र हुसेनभाई घेऊन गेले, असं आई सांगायची. अपुरा सेट माझ्यासारख्याला चैन पडू देत नाही. दोन वर्षं कळ काढली, मग कप घेऊनच यायचं असं ठरवून निघालो.

सकाळची एस.टी. धरली. रस्ता अरुंद, समोरून ट्रक आला की बस सरळ मातीत उतरायची. इंदापूरला चहा बरा मिळाला, टेंभुर्णीची भजी मात्र शिळ्या तेलातली होती. सोलापूर यायला दुपार टळली. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घेतली. खाट स्वच्छ, पाणी बादलीनं. शेजारच्या खानावळीत कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही, एवढ्यावर मी दोन वेळा जेवलो आणि पैसेही फारसे गेले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी टांग्यानं भवानी पेठेत गेलो. घराघरांतून मागाची खटखट चालू होती. रंगवलेलं सूत वाळत घालणाऱ्या एका बाईंना विचारलं. "जॉबर हुसेन व्हय? नळाच्या पलीकडं, निळं दार," त्या म्हणाल्या.

हुसेनभाई गिरणीत जॉबर होते, विणकरांवरचे मुकादम. आता पार वाकले होते. मी नाव सांगितल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला.

"अण्णाचा बाळ व्हय तू? ये की. हितं वर बस, खाटंवर."

हुसेनभाईंच्या बायकोनं, चाचींनी, चहा आणला. त्यांना दोघांना काचेचे ग्लास, आणि मला तो कप. निळी फुलं तशीच होती, ओठ लागून लागून सोनेरी रेघ मात्र पुसट झाली होती. खाली बशी जाडजूड, दुसरीच. आमची नव्हेच ती, तरी मी सवयीनं उलटून पाहिली. आनंद लपवायला हवा होता, ते काही मला जमलं नाही.

"चाचा, हा आमच्या सेटमधला," मी म्हटलं. "बाकीचे पाच माझ्याकडे आहेत. मी तुम्हाला कोरा सहा कपांचा सेट पाठवतो. हा मला द्याल?"

हुसेनभाईंनी ग्लास खाली ठेवला. "तुमच्या कपाटात त्यो कदी हुता का, बाळ?"

तो कप कपाटात कधीच नव्हता. ओसरीवरच्या कोनाड्यात तो पालथा असायचा, कारण तो हुसेनभाईंचा. आमच्या जातीच्या पाहुण्यांना आतले पाच, आणि त्यांना हा. चहा झाला की ते तो स्वतः अंगणात विसळून परत कोनाड्यात ठेवायचे. मी लहानपणी त्यांच्या हातावर तांब्यानं वरून पाणी ओतलंय, कप आतल्या भांड्यांना लागू नये म्हणून. हे मी विसरलो नव्हतो. सेट मोजताना मला ते आठवावंसं वाटलं नव्हतं, एवढंच.

"अण्णा रोज म्हनायचा, ठेव हुसेन, मी धुतो," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी म्हनायचो, नको, वैनीस्नी आवडायचं न्हाय. रोजचं बोलनं हुतं आमचं. त्यो गेला, तवा तेराव्याला मी वैनीला इच्यारलं, कप नेऊ का? त्या म्हनल्या, न्या, इथं आता त्यातून कोण पिणार."

मी चहा कसाबसा संपवला. लाज वाटत होती आणि माफी कुठल्या शब्दांत मागायची ते कळत नव्हतं. उठलो, कप घेतला आणि दाराबाहेरच्या नळाकडे निघालो.

"नक्को बाबा," चाची मागून म्हणाल्या. त्यांनी येऊन माझ्या हातातून कप काढून घेतला. "आमच्या घरात पावन्यानं कप धुवायचा नसतो."

मी परत खाटेवर बसलो. नंतर आम्ही अण्णांबद्दल बरंच बोललो, पण कपाचा विषय मी काढला नाही. निघताना चाचींनी शेंगाची चटणी बांधून दिली आणि दुपारच्या गाडीनं मी परतलो.

पुण्याला आल्यावर पाचही कप कपाटातून काढून रोजच्या वापरात घेतले. जो येईल त्याला त्यातूनच चहा. आजवर दोन फुटले. उरलेले पाहून दर्दी पाहुणे हळहळतात, सेट मोडला म्हणतात, आणि सहाव्याचं काय झालं ते विचारतात. तो सोलापूरला आहे, ज्याचा होता त्याच्या घरी, असं मी सांगतो.