भिकाजीबुवांची दोन साउंड कार्डं

भिकाजीबुवा लोके यांची आणि माझी पहिली भेट साधारण सव्वा किलोमीटर अंतरावरून झाली. साल २००६. बँकेनं माझी बदली मिठबावला केली होती. एसटीतून एक पाय खाली टेकवतो न टेकवतो, तोच बुवांनी आपल्या पडवीत भजनाचा गजर घेतला. वडावरचे कावळे तडक देवगडकडे निघाले, एक म्हैस दावं तोडून समुद्रात शिरली आणि गोंधळलेल्या कंडक्टरनं घंटी मारली. माझा दुसरा पाय पुढच्या थांब्यावर उतरला.

"भियां नकात सायबानू," तिथली मासळीवाली म्हणाली, "बुवा रियाज करतहत."

बुवांची आंब्याची बाग होती, पण जीव डबलबारीत. दोन भजनी बुवा समोरासमोर बसतात, आळीपाळीनं गातात आणि अधूनमधून एकमेकांची यथेच्छ काढतात, ती डबलबारी. वीस वर्षं मिठबावच्या बाजूनं भिकाजीबुवाच गात. पण त्या वर्षी नांदगावच्या पुष्करबुवांनी स्वतःची सीडी काढली आणि भर बारीत विचारलं, "बुवा, तुमची सीडी खंय आसा? की आवाज सीडीत मावना नाय?"

लोक हसले. भिकाजीबुवा उभे राहिले आणि म्हणाले, "जत्रेच्या आदी माझी सीडी येयत. नाय इली तर ह्या गादयेर मी गावक बसाचंय नाय!"

झालं. आंब्याची आढी घालायच्या खोलीत स्टुडिओ उभा राहिला. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून भिंतींना गवत बांधलं. पुतण्यानं टाकलेला कॉम्प्युटर आला, माइक आला. पहिलं रेकॉर्डिंग ऐकलं, तर बुवांचा पंचम चिखलात रुतलेल्या बैलगाडीसारखा एका बाजूला कलत होता.

"कॉम्प्युटराचो दोष," बुवा म्हणाले. "साउंड कार्ड बदलूक व्हया."

कणकवलीच्या दुकानदारानं दोन प्रकार दाखवले. एक पट्टी, कॉम्प्युटरच्या पोटात बसणारी. दुसरा डबा, बाहेर ठेवून वायरनं जोडायचा. पोटातल्या कार्डाला कधीकधी आतल्या यंत्राची गुणगुण लागते, म्हणून गाण्यासाठी डबा बरा, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. पण इतकं सोपं उत्तर मिळालं की बुवांना संशय येई. ते माझ्याकडे आले. मी चोवीस तास विचार करून म्हणालो, "दुकानदार म्हणतो ते बरोबर असावं."

"म्हंजे तुमकाय ठावक नाय," बुवा म्हणाले. "देवाकच इचारतंय."

तिकडे देवाला कौल लावतात. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. गुरव दाजींनी गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या तुजा लेकरू भिकाजी कॉम्प्युटराक साउंड कार्ड लावूक बघता!"

"होय म्हाराजा!" जमलेली मंडळी.

"येक पोटात बसता, येक भायर बसता. ह्या घेवचा काय त्या घेवचा, तूच दाखव रे म्हाराजा! काय खरखर, काय गुणगुण आसात, ती बारा वाटांनी भायर काढ!"

"होय म्हाराजा!"

उजवी पाकळी टपकन पडली. सगळ्यांनी हात जोडले. देव हो म्हणाला होता, पण कशाला?

"दाजी, प्रस्न चुकलो तुमचो," बुवा हळूच म्हणाले.

"माझो? देव होय म्हनता तर दोनव घे! देवाक उलटो प्रस्न करतंस?"

बुवांनी दोन्ही घेतली.

इथेच घोटाळा झाला. एकच कार्ड आणलं असतं, तर दोष त्याच्यावर ढकलून जन्मभर गाता आलं असतं. पोटातलं लावलं. पंचम डावीकडे कलला. "ह्या फटकुरा!" म्हणून बुवांनी बाहेरचा डबा जोडला. आता आवाज आरशासारखा स्वच्छ, गुणगुण नावालाही नाही, आणि त्या स्वच्छ आवाजात पंचम तितकाच, त्याच बाजूला कललेला. बुवांनी पुन्हा पहिलं लावलं. पुन्हा दुसरं. एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन साक्षीदार एकच जबानी देत होते.

दारात त्यांची पत्नी नर्मदाकाकी सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "कार्डां दोन हाडलात, पन गळो येकच मां?"

बुवांनी माइकची वायर नीट गुंडाळली आणि भिंतीचं गवत सोडायला घेतलं.

सीडी निघाली नाही. त्या वर्षी जत्रेत मिठबावतर्फे कुडाळचे बुवा गायले. भिकाजीबुवा मागच्या रांगेत झांज वाजवत होते.