लूझीची शेवटची वडी

सप्टेंबरातल्या एका शनिवार-रविवारी लूझी गावाला पाहुण्यांची साथ येते. एरवी वर्षभर इथे मार्न नदीसुद्धा पाय न वाजवता जाते. पण जुन्या वास्तू बघायचा वारसादिन आला की पॅरिसहून गाड्या भरभरून माणसं उतरतात, बंद पडलेल्या चॉकलेट कारखान्याकडे माना वर करून बघतात, कामगारांच्या विटांच्या जोडघरांचे फोटो काढतात, आणि कुणी ना कुणी कुंपणावरून वाकून विचारतंच, "अजून येतो का हो चॉकलेटचा वास?"

सोलांज ब्रियारचं उत्तर ठरलेलं असतं. "माझ्या घरात कांद्याचा येतो. या आत, चिरू लागा."

सोलांज एकोणऐंशी वर्षांची. अंगाने किरकोळ, जिभेने तिखट. सोळाव्या वर्षी ती कारखान्याच्या साचेघरात लागली आणि कारखान्याला कुलूप लागेपर्यंत तिथेच राहिली. तेहतीस वर्षं. नव्या पोरी पहिल्या आठवड्यात पोट बिघडेपर्यंत चॉकलेट खात. कोणी अडवत नसे, कारण आठवड्यानंतर त्या आपोआपच थांबत आणि पुढे जन्मभर चॉकलेटचं नाव काढत नसत. सोलांजचंही तेच झालं. वाढदिवसाला तिला कोणी चॉकलेट दिलं तर ती ते पोस्टमनला देऊन टाकायची.

साचेघराचं काम म्हणजे पातळ चॉकलेट कल्हई केलेल्या लोखंडी साच्यात ओतायचं आणि साचा टेबलावर आपटून आतली हवा बाहेर काढायची. तीन झटपट ठोके, क्षणभर थांबायचं, साचा फिरवायचा, पुन्हा तीन ठोके. हवा राहिली तर वडीच्या पाठीला भोकं दिसतात, आणि अशी वडी साचेघराची बाई मान वर न करता बाजूला टाकते. पुढे ते काम यंत्र करू लागलं, पण बायकांचे हात काही विसरले नाहीत. सोलांज अजूनही ऑम्लेटचं मिश्रण तव्यात ओतण्याआधी वाडगा ओट्यावर तीनदा आपटते. त्याने ऑम्लेटचं काहीही भलं होत नाही.

तिचा नवरा फेर्नां भट्टीवर होता, कोकोच्या बिया भाजायला. शांत माणूस. बायको भांडायला उठली की तो गळ घेऊन नदीवर जायचा आणि बोटाएवढे चार मासे घेऊन परत यायचा, तोवर भांडण संपलेलं असायचं. त्यांना मूलबाळ झालं नाही. त्यावर दोघं फारसं बोलले नाहीत. दर रविवारी मोहरी घालून केलेला ससा, दुपारी पत्ते, भिंतीपलीकडच्या मादोशी कुंपणावरून गप्पा, असा त्यांचा संसार झाला. फेर्नां जाऊन आता बारा वर्षं झाली.

या सरळ आयुष्यात सोलांजने एकच लबाडी केली होती, आणि ती काचेच्या कपाटात मांडून ठेवलेली होती.

तीस वर्षांपूर्वीचा तो गुरुवार. भट्ट्या आधीच दोन महिने विझलेल्या होत्या, फेर्नां घरी बसलेला होता. साचेघर तेवढं उरलेला माल संपवत होतं. शेवटचा घाणा निघाला आणि तिथल्या प्रत्येक बाईला त्यातली एकेक वडी मिळाली, नुसत्या चांदीच्या कागदात, वर नाव नाही की चित्र नाही. बायका रडल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या, वड्या पदकासारख्या छातीशी धरून घरी गेल्या. फेर्नांने सकाळीच बजावलं होतं, "तुझी वडी नीट आण हं. भट्टीवाल्यांना काही दिलं नाही. आपल्या दोघांत तेवढी एकच."

सोलांज नदीकाठच्या रस्त्याने निघाली. बंधाऱ्यापाशी बाकावर बसली. कागद उघडला, एक तुकडा मोडला आणि तोंडात टाकला. मग दुसरा. का, ते तिला अजूनही सांगता येत नाही. राग होता, एवढं नक्की. ज्या वस्तूचा तेहतीस वर्षं तिला उबग आला होता, ती तिने रडत रडत, नाक पुसत, पार शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. कागदसुद्धा चाटला. आणि मग तिला फेर्नांचं सकाळचं बोलणं आठवलं.

"दाखव ना," तो दारातच म्हणाला.

"बांधून ठेवलीय. आता उघडू नकोस, हवा लागेल."

असं तिने नऊ दिवस ढकललं. दहाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, फेर्नां नदीवर गेला तशी ती कामाला लागली. कारखान्याच्या आवारात भंगारात टाकलेले जुने साचे बायकांनी पिशव्यांतून घरी आणले होते, तिच्याकडेही एक होता. दुकानातलं स्वयंपाकाचं चॉकलेट आणून तिने वितळवलं, निववलं, पुन्हा किंचित गरम केलं, साच्यात ओतलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर आपटलं. संध्याकाळी वडी निघाली. समोरून आरशासारखी चकचकीत. पण ते टेबल काही साचेघराचं नव्हतं, त्याचा एक पाय लंगडा. वडीच्या पाठीला पाच-सहा बारीक भोकं राहिली. दुसऱ्यांदा करायला वेळ नव्हता. तिने वडी कागदात बसवली, तोंड पुढे करून कपाटात ठेवली, आणि साचा वर्तमानपत्रात गुंडाळून तळघरात, मुरंब्याच्या बरण्यांच्या मागे, अगदी आत सारला. पुन्हा कधी तिकडे हात घातला नाही.

फेर्नां खूश. दर रविवारी जेवणाआधी तो कपाटाची काच पुसायचा. कोणी आलं की बोट दाखवायचा, "ही बघा, लूझीची शेवटची वडी." कोणी हात पुढे केला की लगेच, "अं हं! हात लावायचा नाही." त्याचा तो अभिमान पाहून सोलांजला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कितीदा तरी सांगायचं तिच्या ओठांवर आलं. मग तो आजारी पडला, आणि आजारी माणसाला असलं काही सांगत नाहीत. मग तो गेला.

आता या वर्षी नगरपालिकेने वारसादिनासाठी कारखान्याच्या जुन्या कोठारात प्रदर्शन भरवायचं ठरवलं. त्यासाठी पॅरिसहून क्लेमांस नावाची एक हसरी, हातमोजे घालणारी मुलगी आली. ती घरोघर जाऊन वस्तू गोळा करत सोलांजच्या दाराशी उभी राहिली.

"मादाम ब्रियार, तुमच्याकडे शेवटच्या घाण्यातली वडी आहे म्हणे. बाकीच्यांच्या सगळ्या खराब झाल्या, कुणाच्या उंदरांनी नेल्या, कुणाच्या नातवंडांनी. तुमची एकच उरलीय!"

"कोण म्हणालं?"

"शेजारच्या मादाम मादो."

सोलांज तडक कुंपणाशी गेली. मादो वाटाणे सोलत बसली होती. ऐंशी वर्षांची, जाडजूड, साचेघरात सोलांजच्या शेजारच्या जागेवर वीस वर्षं काढलेली.

"तुला कुणी सांगितल्या होत्या गं या नस्त्या उठाठेवी?"

"का? कपाटात काय बाळंत व्हायचीय ती वडी? लोकांना बघू दे की."

"मी नाही देणार."

"दिलीच आहेस. तुझं नाव पत्रकात छापलंय," मादो म्हणाली आणि वाटाणे सोलत राहिली.

शेवटी क्लेमांस वडी घेऊन गेली, आणि आठवडाभर सोलांजला अन्न गोड लागलं नाही. साचेघरातल्या अकरा जणी अजून हयात आहेत. त्यांच्यातली एकजण जरी वडीची पाठ बघेल, तरी झालं. ती स्वतः खोटारडी ठरली असती, त्याचं तिला एवढं नव्हतं. पण फेर्नां? अठरा वर्षं गावाला बोट दाखवून सांगत होता बिचारा. बायकोने त्याला मूर्ख बनवलं, असं गाव म्हणणार. स्वतःसाठी भांडायलाही तो आता नाही आणि नदीवर पळून जायलाही नाही.

शनिवारी सकाळी ती कोठारात गेली. क्लेमांसने वडी कागदातून काढून काचेच्या पेटीत ठेवली होती. आणि पेटीच्या तळाशी आरसा लावला होता, पाठही दिसावी म्हणून.

पेटीवर फक्त मादो वाकलेली होती, चष्मा नाकाच्या टोकावर.

"पाच... नाही, सहा," मादो पुटपुटली. "बरीच हवा ठेवलीस की. आपल्या मुकादमाने कान धरला असता."

सोलांज शेजारच्या खुर्चीत बसली. "तुला कळलं."

"आज? अगं बाई, मला तीस वर्षं माहीत आहे. आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांत भिंत किती, वीतभर. शनिवारी दुपारी मी भांडी घासत होते. पलीकडून तीन ठोके, थांबा, फिरवा, तीन ठोके. म्हटलं, कारखाना तर बंद झाला, ही कोणाला पगार मागतेय?"

"आणि तू गप्प बसलीस?"

"मी कसली गप्प बसते! दुसऱ्याच सकाळी कुंपणावर फेर्नांला गाठलं."

सोलांजने तिचा दंड धरला. "मादो, खरं सांग. फेर्नांला माहीत होतं?"

"माणूस कारखान्यात जन्म काढलेला, त्याला वडीची पाठ वाचता येणार नाही? तू ठेवलीस त्याच रात्री त्याने उलटून बघितली होती. मला म्हणाला, 'कारखाना थांबला गुरुवारी. माझी बायको थांबली त्यानंतर नऊ दिवसांनी. मग लूझीत बनलेली शेवटची वडी कुठली, तूच सांग.' आणि मला शपथ घातली, की तिला कळू द्यायचं नाही. तिने खाल्ली असेल तर बरंच केलं म्हणाला, तेहतीस वर्षांत एकदा तरी गोड लागली असेल."

सोलांजचा जुना संशयी स्वभाव जागा झाला. "माझं मन राखायला सांगतेस तू."

"मी? तुझं मन?" मादोला खरंच राग आला. "तो म्हणायचा तळघर ओलं आहे, साचा गंजेल. जा, बघून ये. तीस वर्षं शपथ पाळली, आता मरायच्या आधी तोंड मोकळं करावं म्हणून त्या पोरीला तुझ्या दारी पाठवलं, तर ही मलाच खोटी पाडतेय!"

दोघी घरी आल्या. तळघराच्या पायऱ्या सोलांज एकटीच उतरली, मादोचे गुडघे तेवढे उतरत नाहीत. बरण्या बाजूला केल्या. हात आत घातला. वर्तमानपत्र लागलं नाही. हाताला कापड लागलं.

फेर्नांचा निळ्या चौकड्यांचा रुमाल होता, मासेमारीला जाताना गळ्याला बांधायचा तो. तो हरवला म्हणून सोलांजने एकदा त्याला दिवसभर बोल लावले होते. रुमालाच्या आत साचा. बारा वर्षं कोणी शिवलेलं नव्हतं, त्यामुळे एका कडेला तांबूस डाग धरू लागला होता. बाकी सगळा स्वच्छ, वर तेलाचा हात फिरवलेला, अगदी कामगाराने आपलं हत्यार ठेवावं तसा.

ती तळघराच्या पायरीवर बसली आणि तिचा जीव भांड्यात पडला. तीस वर्षं छातीवर ठेवलेलं ओझं एका रुमालात निघालं. ती हसली, मग रडली, मग वरून मादो ओरडली, "मेलीस की काय?" तेव्हा पुन्हा हसली.

"अठरा वर्षं!" ती वर येऊन म्हणाली. "अठरा वर्षं मी मेल्यासारखी त्याच्या शेजारी बसायची, आणि हा लबाड 'हात लावायचा नाही' म्हणून लोकांना दूर ठेवत होता!"

"पाठ दिसू नये म्हणून," मादो म्हणाली. "आणि तू त्याला भोळा समजत होतीस."

दुपारी सोलांज साचा घेऊन कोठारात परत गेली. गर्दी जमलेली होती, साचेघराच्या चौघी-पाचजणीही आल्या होत्या. सोलांजने क्लेमांसला सगळ्यांसमोर, बाकावरच्या पहिल्या घासापासून टेबलाच्या लंगड्या पायापर्यंत, सगळं सांगितलं. आवाज जराही खाली न आणता. क्लेमांस आधी गोंधळली, तिच्या पाटीवर गुरुवारची तारीख होती. पण साचेघरातल्या बायकांनी पेटीभोवती गराडा घातला, आरशात भोकं मोजली, सोलांजला यथेच्छ नावं ठेवली, आणि शेवटी निकाल दिला की साचा कारखान्याचा, हात साचेघराचा, जागा लूझीची, तेव्हा शेवटची वडी हीच.

क्लेमांसने नवी पाटी घेतली. तारीख बदलली. मग विचारलं, "बनवणारी म्हणून तुमचं नाव घालते. आणखी काही लिहायचं?"

सोलांजने रुमालाची घडी साच्याशेजारी पेटीत ठेवली.

"खाली लिही," ती म्हणाली, "जपणारा : फेर्नां ब्रियार."