बंपरखालचा चिरा

प्लास्टिक जळल्याचा वास आला की मला आमचं रत्नागिरीचं अंगण आठवतं आणि अंगणात उभी असलेली थोरल्या भावाची कोरी जीप. आखातातून परतल्यावर त्याने ती एकाच कामासाठी घेतली होती. गुडघ्यांमुळे वडिलांना उतारावरच्या आंब्याच्या बागेत चालत जाता येईना, त्यांना गाडीतून न्यायचं. पण वाटेत मधोमध जांभ्याचा उंचवटा होता, त्यावर पुढचा प्लास्टिकचा बंपर दरवेळी अडायचा. गॅरेजवाला नव्या गाडीला हात लावायला तयार नव्हता, म्हणून बंपरची खालची कड कापायला आम्हीच ग्राइंडर आणला. मोहोराचे दिवस होते, पण अंगणभर नुसता जळका वास. प्लास्टिक कापलं न जाता वितळायचं आणि पात्यामागे पुन्हा चिकटायचं. वडील पडवीतून ओरडले, "मेल्यांनो, डोकी फिरली काय तुमची? कोरी गाडी कापताय!" मग काठी टेकत खाली आले, गडग्याच्या दगडी कुंपणावरचा जांभ्याचा एक चिरा मला उचलायला लावून बंपरसमोर ठेवून घेतला आणि म्हणाले, "तो उंचवटा एवढाच आहे. कापताच आहात तर नीट मापाने कापा." मग आम्ही करवतीने हळूहळू कापलं. कड वाकडीतिकडी झाली, पण चिरा न लागता गाडी पुढे गेली. त्याच दुपारी वडील बागेत पोचले आणि कलमाकलमाला हात लावत फिरले. नंतर घरी येईल त्याला ते आधी तो बंपर दाखवायचे, "थोरल्याने माझ्यासाठी कापलान." आता ते नाहीत. परवा गाडी रंगवायला टाकली, तेव्हा गॅरेजवाल्याने नवा बंपर बसवायचं सुचवलं. भाऊ म्हणाला, "बाकी काय हवं ते कर, त्या कडेला हात लावू नकोस."