टर्बो आणि वायरीच्या मधलं बोटभर अंतर

"काका, इथला पत्रा कुठाय?" मेकॅनिकने बॉनेटमध्ये डोकं घालून विचारलं. गाडीत कुठला पत्रा असतो आणि कुठला नसतो हे मला कसं ठाऊक असणार? मी आयुष्यभर बँकेत काम केलं. गाडी सेकंडहँड घेतली, टर्बो पेट्रोल, कारण जावई म्हणाला, "बाबा, पळते झकास." पळते, खरंच पळते. पण टर्बो म्हणजे इंजिनाच्या गरम धुरावर गरगर फिरणारा पंखा, तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो आणि स्वतः तव्यासारखा तापतो, हे मला त्या दिवशी वसईच्या गॅरेजात उभं राहून कळलं. त्या तापलेल्या भागासमोर कंपनी एक पत्रा बसवून देते. आमच्या गाडीत तो नव्हताच. आधीच्या मालकाकडे कुणीतरी काढला असेल आणि परत लावायचा कंटाळा केला असेल. मागून जाणाऱ्या वायरींचं कव्हर वितळून चिकट झालं होतं.

आदल्याच दिवशी खाडीवरच्या पुलाच्या अलीकडे ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना जळका वास आला होता, तो ह्याचाच. आणि मागच्या सीटवर माझी लेक बसली होती, नववा महिना लागलेली.

"वायर बदलून देतो," मेकॅनिक म्हणाला. "कंपनीचा पत्रा मागवतो, पण कधी येईल त्याची गॅरंटी नाय. तोपर्यंत कायतरी लावू."

"कायतरी म्हणजे काय रे? माझी पोरगी बसणार आहे त्यात!"

मी एवढ्या जोरात ओरडलो की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. पण माझी काय अवस्था होती ते मलाच ठाऊक. पहिलं बाळंतपण म्हणून लेक आमच्याकडे उमेळ्याला आलेली. जावई जहाजावर, तिकडून फोन लागला तर लागला. तिची डॉक्टर बोरिवलीची, आणि बीपी वर जात होतं म्हणून डॉक्टरीणबाईंनी बजावून ठेवलेलं, कळा सुरू झाल्या की वेळ न घालवता निघा. टॅक्सीवाले बोरिवली ऐकलं की कॅन्सल करतात. म्हणजे ही गाडी आणि मी. मधे तो पूल, मे महिन्याचं ऊन, आणि ट्रॅफिक. गाडी धावत असली की वारा लागतो, टर्बो जरा तरी निवतो. उभ्या गाडीत सगळी धग तिथल्या तिथे कोंडते. म्हणजे नेमकी आम्ही अडकणार तीच जागा सगळ्यात वाईट!

वायरी बदलून गाडी घरी आणली, आणि मग मी टर्बोची धग कशी अडवायची त्याचे व्हिडिओ बघायला लागलो. सकाळी चहाबरोबर, दुपारी जेवताना, बायको बोलत असतानाही. आठवडाभरात आमच्या जेवणाच्या टेबलावर नमुने जमले.

"बाबा," लेक म्हणाली, "बाळाच्या दुपट्यांना थोडी जागा ठेवा हं."

सोनेरी टेप होती, दिसायला जरीच्या काठासारखी. ती मी आधी बाद केली. टेप उष्णता परतवते म्हणे, पण मागचा गोंद सुटला आणि ती टर्बोवरच जाऊन पडली तर? मग काचेच्या धाग्याची पट्टी. व्हिडिओतले सगळे पठ्ठे ती धुराच्या पाइपाला बँडेजसारखी गुंडाळतात. पण त्यांच्याकडे वसईचा जून नसतो. आमच्या रस्त्यावर पाणी साचलं की चाकं बुडतात. ती पट्टी पाणी पिऊन बसणार, आतला पाइप गंजणार. आणि वरून इंजिनातलं तेल ठिबकलं तर तिची चक्क वात होणार. नको रे बाबा.

मित्राचा वालीवला गाळा आहे, भट्टीचं काम चालतं. त्याने दोन वस्तू आणून दिल्या. एक पांढरा जाड दोर, "जुना माल आहे, पूर्वी बॉयलरला हाच लावायचे." जुना म्हटल्यावर माझे कान टवकारले. ॲसबेस्टॉस तर नव्हे? त्यालाही सांगता येईना. घरात पोटुशी पोर, आणि ह्या दोराची धूळ फुप्फुसात जाते म्हणे! मी श्वास रोखून तो दोर पिशवीत बांधला आणि त्याच्या डिकीत परत ठेवला. त्याला राग आला. येऊ दे.

दुसरी वस्तू मात्र मला पसंत पडली. सिरॅमिकच्या लोकरीची जाड गादी, भट्टीच्या आत लावतात ती. भट्टीला चालते मग टर्बोला का नाही चालणार? मी मास्क लावला, हातमोजे घातले, गादी फॉइलमध्ये गुंडाळली आणि टर्बोच्या मागे जेवढी मावेल तेवढी ठासून भरली. एक फट ठेवली नाही. वायरी पूर्ण झाकल्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

मग परीक्षा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भर दुपारी गाडी चालू करून, एसी लावून नुसती उभी ठेवली. म्हणजे पुलावरच्या ट्रॅफिकसारखं. बायको खाली आली होती, माझं काय चाललंय ते बघायला. बऱ्याच वेळाने बॉनेट उघडलं. गादीमागच्या वायरी कोमट. मी विजयी मुद्रेने तिच्याकडे बघितलं. मग सहज बाजूच्या ब्रेकच्या तेलाच्या डबीवर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. चटका! ती डबी टर्बोच्या इतकी जवळही नव्हती.

बायकोने वाकून बघितलं. ती वटारची, माहेरी केळीची वाडी. "अहो," ती म्हणाली, "हे तर तुम्ही केळ्यांचं लोंगर पिकत घातलंय."

"काय?"

"आमच्याकडे केळी पिकत घालताना काय करतात? पेंढा घालायचा, वरून गोणपाट घट्ट दाबायचं, वारा शिरू द्यायचा नाही. कशासाठी? ऊब आतच राहावी म्हणून. तुम्ही तेच केलंत. ऊब जाईल कुठे? वाट सापडेल तिकडे जाईल."

मी तिच्यावर चिडलो. खरंच चिडलो, कारण तिचं बरोबर होतं. ह्या घरात इतकी वर्षं केळी अशीच पिकत घातलेली मी बघत आलो, मदतसुद्धा केली, आणि झाकलं म्हणजे वाचलं एवढंच डोक्यात ठेवून मी गाडीला गोणपाट दाबलं. ब्रेकचं तेल उकळून ब्रेकच लागला नसता तर? मी पार्किंगच्या कट्ट्यावर बसलो. ती पाणी घेऊन आली.

दुसऱ्या दिवशी सगळी गादी उपसून काढली. कंपनीचा पत्रा अजून आला नव्हता, म्हणून मेकॅनिकने ॲल्युमिनियमचा पत्रा कापला, मूळ पत्र्याच्या बोल्टांच्या भोकांवर टेकू म्हणून नळीचे तुकडे घालून उभा केला, असा की टर्बो आणि पत्र्यामधे बोटभर अंतर, पत्रा आणि वायरीमधेही बोटभर. गरम हवा वर निघून जायला वाट मोकळी. वायरींवर काचेच्या धाग्याच्या नळ्या चढवल्या. पाइपाला काही गुंडाळलं नाही. पुन्हा पार्किंगमध्ये परीक्षा झाली आणि ह्या वेळी डबीवर हात ठेववला.

पण माझा जीव काही खाली पडेना. रोज सकाळी बॉनेट उघडून पत्रा हलवून बघायचो. बाजारात जाताना मधेच थांबून वास घ्यायचो. शेवटी एक दिवस लेक सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती, तिने हाक मारली.

"बाबा, मला गाडीची भीती नाही वाटत. तुमची वाटते. मी कळा देत असेन आणि तुम्ही रस्त्यात बॉनेट उघडून उभे असाल."

"अगं, असं कसं करीन मी?"

"कराल. इथे हात ठेवा." तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला. "बाळाची शपथ. हॉस्पिटल येईपर्यंत उतरायचं नाही."

मी शपथ घेतली. दुसरं काय करणार?

कळा सुरू झाल्या त्या भर दुपारी. बायको तिच्याबरोबर मागे बसली. हायवेपर्यंत ठीक गेलो आणि पुलाच्या अलीकडे सगळं ठप्प. पुढे माल भरलेला ट्रक, बाजूला टेम्पो, मागे हॉर्न. लेक मधूनमधून आईचा दंड घट्ट धरायची, ते मला आरशात दिसायचं. आणि तेवढ्यात वास आला. जळका. माझा हात आपसूक दरवाजाकडे गेला.

"बाबा." तिलाही वास आला होता. आरशात तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. इतके दिवस माझी टिंगल करणारी ती पोर, आणि आता तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती. ती आधीपासूनच घाबरलेली होती, बहुतेक माझ्याहूनही जास्त. "बाबा, हा वास आपला नाही ना?"

"नाही गं. पुढच्या ट्रकचा आहे."

"नक्की?"

"नक्की."

मला काही म्हणजे काही माहीत नव्हतं. पण तिने डोळे मिटले आणि आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. मी दरवाजावरचा हात काढून स्टिअरिंगवर ठेवला. ट्रक हलला, आम्ही हललो.

संध्याकाळी नात झाली. दोघी सुखरूप. मी खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीपाशी उभा राहिलो. आता मला कुणी अडवत नव्हतं. तरी बॉनेटला हात लावायचं धाडस होईना. आत खरंच काही जळलेलं सापडलं असतं, तर कुठल्या भरवशावर मी त्या पोरीला "नक्की" म्हणालो, हे मला सहन झालं नसतं. मी तसाच वर गेलो आणि नातीला मांडीवर घेतलं.